चारी चाकांची ओढ : व्हॅनमध्यें फेरबदल करण्यापूर्वीं

पावसाळ्यांत माल नेणारी व्हॅन शेतरस्त्याच्या चिखलांत रुतली म्हणजे, हिला चारी चाकांची ओढ बसवितां येईल काय, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. असा फेरबदल यंत्रदृष्ट्या शक्य आहे. परंतु त्यानें काय साधतें व काय साधत नाहीं, हें समजून घेतल्याशिवाय पैसा खर्चूं नये, अशी आमची वाचकांस सूचना आहे.

साध्या गाडींत इंजिनाचा जोर दोनच चाकांस पोंचतो. चाक जमिनीस किती धरून राहील, हें त्यावरील भारावर व जमिनीच्या स्थितीवर अवलंबून असतें. समजा, मागील चाकांवर चालणाऱ्या व्हॅनचें वजन २,००० किलो असून त्यांतील निम्में पुढील चाकांवर आहे. तर ओढीच्या कामीं १,००० किलोच उपयोगी पडतात. नांगरास चार बैल जोडून ओढ मात्र दोघांनींच घ्यावी, तसा हा प्रकार होय. चारी चाकें ओढूं लागलीं म्हणजे सगळा भार कामीं येतो.

या फेरबदलाचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या इकोनोलाइन व्हॅनचें आहे. १९६१ पासून निघूं लागलेल्या या गाडीस कंपनीनें आपल्या कारखान्यांत ही सोय कधींच दिली नाहीं; म्हणून तेथील इतर कारखाने ती बसवून देऊं लागले. कामाचा क्रम साधारणपणें असा असतो :

१. पुढील जुनी मांडणी काढून, चाकांस गति देणारा नवा आंस बसवितात. त्याच्या टोकांस सांधे असल्यामुळें चाक वळलें असतांही फिरत राहतें.

२. गिअर-बॉक्सच्या मागें ट्रान्स्फर केस बसवितात. ती जोर पुढें व मागें पोंचविते. बहुतेकींत मंद चालीचा व अधिक जोराचा जादा टप्पाही असतो.

३. मागील प्रॉपेलर शाफ्ट आंखूड करून पुढील आंसासाठीं दुसरा शाफ्ट घालतात.

४. पुढील आंसास जागा मिळावी म्हणून गाडी उंच करतात, व स्टिअरिंगच्या दांड्या आणि ब्रेकच्या नळ्या त्या उंचीस जुळवून घेतात.

दोन्हीं आंसांच्या दात्यांचें प्रमाण व टायरांचा घेर सारखा असलाच पाहिजे. एका आंसाचें प्रमाण ४.१० व दुसऱ्याचें ३.७३ असेल, तर ते एकमेकांविरुद्ध ओढून मोडतोड करतील. तसेंच, वळतांना पुढील चाकें मागच्यांहून लांब वाट चालतात. म्हणून मध्यें डिफरन्शियल नसलेल्या गाडीची पुढील ओढ कोरड्या डांबरी रस्त्यावर सोडवून ठेवावी.

आतां दुसरी बाजू पाहूं. उंच केलेली गाडी आडव्या उतारावर लवकर कलंडते. वजन वाढल्यानें इंधन अधिक लागतें. ब्रेक मुळांतच चारी चाकांस असल्यामुळें, ते लावून थांबण्याचें अंतर या बदलानें कमी होत नाहीं. शिवाय साधें डिफरन्शियल असेल, तर प्रत्येक आंसाचें एकेक चाक जागच्या जागीं फिरूं लागतांच गाडी पुन्हां अडते.

आपल्या देशांत कायद्याचाही विचार करावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच स्पष्ट केलें. अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेऊं शकते, हेंही ध्यानांत ठेवावें.

म्हणून शेतकरी बंधूंनीं प्रथम गाडी कां अडते तें पाहावें. तिचें पोट जमिनीस टेकत असेल, तर ओढ वाढवून फारसा उपयोग नाहीं. चाकोऱ्या भरून घ्याव्या. टायर गुळगुळीत झाले असल्यास खोल नक्षीचे घालावे. मऊ जमिनींत टायरांतील हवा थोडी कमी केल्यास तो अधिक जागेवर टेकतो. मात्र पक्क्या रस्त्यास लागण्यापूर्वीं ती पुन्हां भरावी. काळ्या जमिनींतील रस्त्याच्या कडेस चर खणून पाणी काढावें व वर मुरूम दाबावा. हा खर्च सर्व गाड्यांच्या व बैलांच्याही उपयोगी पडतो. इतकें करूनही गरज उरलीच, तर मूळ कारखान्यांतूनच चारी चाकांची ओढ घेऊन आलेली गाडी घ्यावी, असें आमचें मत आहे.