वाईला जाते आहेस ना? मग नदीकाठच्या घरातच राहा

अगं, गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं थेट साताऱ्याला उतरता येतं, एक पूर्ण रात्र गाडीत काढायची तयारी हवी एवढंच. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब आहे. रिक्षानं बसस्थानक गाठ, तिथून वाईची एसटी. पण एवढा प्रवास करून वाईला फक्त रात्रीपुरतं टेकायचं आणि सकाळी महाबळेश्वरकडे पळायचं, असं करू नकोस गं. निदान दोन रात्री वाईला दे. तेही हायवेवरच्या लॉजमध्ये नाही, घाटालगतच्या एखाद्या घरात, जिथे खोली मिळते आणि सकाळची न्याहारी घरातल्याच बाई करून घालतात.

आपण वैनगंगेच्या काठचे. आपल्याला नदी म्हणजे रुंद रेतीचं पात्र, धिवरांचे डोंगे, पलीकडे धानाची बांधी. वाईत कृष्णा गावाच्या अंगणातून जाते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, धर्मपुरी, भीमकुंड आळी अशा सात आळ्या आणि त्या नावांचे सात घाट. माघ-फाल्गुनात या घाटांवर पाळीपाळीनं कृष्णाबाईचा उत्सव होतो. त्या दिवसांत जाणार असशील तर खोली फार आधी ठरव.

घर निवडताना लाजू नकोस, फोनवर सगळं विचार. संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की परसात? खोली माडीवर असेल तर जिना कसा आहे? जुन्या वाड्यांचे लाकडी जिने फार उभे असतात, आई सोबत असेल तर खालचीच खोली माग. खोलीला आतून कडी आहे ना, रात्री दार किती वाजता बंद होतं, घरात बाईमाणूस राहतं ना, हे विचारायला संकोच कसला? पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत घराची नोंदणी आहे का, तेही विचार आणि ठरलेलं भाडं मेसेजवर लिहून घे. पत्ता मला पाठव.

न्याहारीला पोहे मिळतील, पण तर्री मागू नकोस हं! थालीपीठ, उपीट, जे ताटात येईल ते आवडीनं खा. शक्यतो स्वयंपाकघराजवळ बसून खा. त्या घरची माणसं पुराच्या आठवणी सांगतील, कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं ते दाखवतील. मग ढोल्या गणपतीला गेलीस की देवळाच्या मागे जरूर फिरून ये. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं. नदीच्या अंगाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्हीकडे वाटलं जावं. सगळे समोरून मूर्तीचे फोटो काढतात आणि निघतात. मला मात्र ती भिंत मूर्तीइतकीच पूज्य वाटते.

गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आयुष्याची कितीतरी वर्षं त्या कामाला दिली. तू शिक्षिका आहेस, बाहेरून तरी बघून ये. दुसऱ्या दिवशी मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्याचा घाट, आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा मिळालेल्या घंटांपैकी एक. ‘स्वदेस’ सिनेमातला घाट तो हाच.

आता एक गोष्ट मनावर घे. घाट हा तिथल्या लोकांच्या रोजच्या वापरातला आहे. बायका कपडे धूत असतात, कुणी आंघोळ करत असतं, कधी कुणाच्या घरचे दहाव्याचे विधी चाललेले असतात. तिथे मोबाईल पिशवीतच राहू दे. पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाण्यात उतरू नकोस. वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की पातळी बदलते. भर पावसाळ्यात जाऊच नकोस, दिवाळीनंतर ते माघापर्यंत जा. आणि निघताना त्या घरच्या बाईंसाठी आपल्याकडचा तांदूळ ने, किलोभर पुरे.