गाडीचा 'कॅट' काढावा काय?



लागण, खोडवा सोडून आम्ही आज गाडीच्या सायलेन्सरविषयी लिहितो, याचे काहींना नवल वाटेल. पण हल्ली पीक पाहणीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, सायलेन्सरमधला तो डबा काढला की गाडीला ओढ येते म्हणतात. मग पीयूसीचं काय?"

हा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजवाले त्याला 'कॅट' म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. डबा तापला की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेले इंधन जळून जाते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून साधा नायट्रोजन उरतो.

१ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिशाने तो निकामी होतो, म्हणून सोबत शिसेविरहित पेट्रोल आले. देशभर ते २००० साली झाले. मधल्या काळात मुंबईची नवी मोटार घेऊन रेवदंड्याकडे निघालेल्या माणसाला वाटेत कोणते पेट्रोल भरतो, याचा विचार करावा लागे.

त्याच रेवदंड्याची अलीकडची एक हकीकत. हंगाम संपल्यावर आमच्या गटातील एक सभासद कुटुंबासह तिकडे गेले. किल्ला पाहिला, कुंडलिकेची खाडी पाहिली. परतताना मोटार ओढेना. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने सांगितले, "कॅट चोक झालाय, काढून नळी जोडतो, पैसेसुद्धा नकोत." गाडी पळाली. पण पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर निघाला. तपासल्यावर कळले की मूळ दोष एका खराब स्पार्क प्लगचा होता. न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन जळत होते, त्यानेच आतली वीट वितळून वाट बंद झाली होती. प्लग तसाच, डबा मात्र गेला. काढणावळ फुकट का, हे आता ध्यानात येईल : आतले धातू मोलाचे असतात.

पीयूसीत काय मोजतात? बीएस-४ व त्यापुढील पेट्रोल मोटारीला, इंजिन संथ चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. कॅट नसेल तर ती पाळणे कठीण. डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र या तपासणीत मोजली जात नाहीत. म्हणून यंत्राने पास केली म्हणजे धूर स्वच्छ झाला, असे समजू नये.

कायदा काय म्हणतो? पीयूसीचा कागद हातात असला तरी परवानगीवाचून गाडीत फेरफार करणे हा वेगळा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बंद.

तर काय करावे?

१) ओढ कमी झाली की आधी प्लग, एअर फिल्टर आणि इंजिन ऑइल खाते का ते पाहावे. डबा आपोआप चोक होत नाही. त्याला कारण असते.

२) रॉकेलची भेसळ असलेले पेट्रोल टाळावे. उसाच्या मळीपासून केलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये असते, त्याने कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. पण कॅटचे काम त्याने भागत नाही.

३) समुद्रकाठी फिरून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. खाऱ्या हवेने सायलेन्सरचे सांधे गंजतात. तेथून धूर गळला तर गाडीच्या आत कार्बन मोनॉक्साइड शिरण्याचा धोका असतो.

४) पीयूसीला जाताना गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून न्यावी. कॅट गरम असेल तरच काम करतो.

५) कॅट खराबच झाला असेल तर कंपनीचा बसवावा, बिल जपून ठेवावे.

६) सर्वांत महत्त्वाचे : चालून आलेली गाडी पाचटावर उभी करू नये. डबा इतका तापलेला असतो की वाळले पाचट पेट घेऊ शकते. बीएस-६ डिझेल पिकअपमध्ये काजळी जाळणारा फिल्टर असतो, तोही असाच तापतो. एका गाडीपायी उभ्या उसाचा फड जाईल.

धुराचा पहिला त्रास गाडीमागे बसलेल्या आपल्याच पोराबाळांना होतो. तरी सभासदांनी कोणाच्या सांगण्यावरून डबा काढू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी