मदरबोर्ड निवडताना जूलचा नियम

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. भर दुपारी सात रस्त्याजवळच्या एखाद्या घरात किंवा शाळेच्या संगणककक्षात डेस्कटॉप संगणक चालू असेल, तर त्याच्या पेटीत शिरणारी हवाच मुळी तापलेली असते. सुटे भाग आणून संगणक जोडणारे पुष्कळ विद्यार्थी जवळचे बहुतेक पैसे प्रोसेसरवर खर्च करतात आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो मदरबोर्ड घेतात. आपल्या हवेत हा हिशेब का चुकतो, हे दहावीच्या भौतिकशास्त्राने समजते.

संगणकातील वीजपुरवठा मदरबोर्डला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला मात्र सुमारे १.२ व्होल्टच लागतात. समजा, प्रोसेसर ८४ वॅट शक्ती घेत आहे. शक्तीला विभवांतराने भागले की विद्युतधारा मिळते : ८४ भागिले १.२, म्हणजे ७० अँपिअर! घरातील १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरही घेत नाही. येथे ७० अँपिअर धारा तांब्याच्या पातळ पट्ट्यांतून काही सेंटिमीटर अंतर जात असते.

१२ व्होल्टचे १.२ व्होल्ट करायला मध्ये एक रोधक जोडला तर चालणार नाही का? नाही. उरलेले १०.८ व्होल्ट गुणिले ७० अँपिअर, म्हणजे ७५६ वॅट त्या रोधकातच उष्णता होऊन जातील. त्याऐवजी मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर १२ व्होल्टचा पुरवठा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतात. पुरवठा एकूण वेळेच्या सुमारे एक-दशांश वेळच चालू राहतो. तांब्याची वेटोळी आणि धारित्रे तो सपाट करतात आणि सरासरी १.२ व्होल्ट मिळतात.

या मार्गाचा रोध अवघा १ मिलीओहम धरू. जूलच्या नियमाप्रमाणे उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७० चा वर्ग ४९००, त्याला ०.००१ ने गुणले की ४.९ वॅट. आता सात रस्ता चौक आठवा. सगळी वाहने एकाच रस्त्याने सोडली तर काय होईल? तीच धारा तेवढ्याच रोधाच्या सात मार्गांत वाटली, तर प्रत्येकात १० अँपिअर जातील. प्रत्येक मार्गात ०.१ वॅट, सातांत मिळून ०.७ वॅट. उष्णता एक-सप्तमांश झाली, आणि तीही सात ठिकाणी विखुरली! अशा मार्गांना 'फेज' म्हणतात. स्वस्त मदरबोर्डवर ते थोडे असतात आणि मॉसफेटवर अ‍ॅल्युमिनिअमचा उष्णताशोषक ठोकळा अनेकदा नसतोच.

समजा, असा भाग भोवतालच्या हवेपेक्षा ६० अंशांनी तापतो. २५ अंशांच्या खोलीत तो ८५ अंशांवर राहील, ४० अंशांच्या खोलीत १०० वर. मर्यादा ओलांडली की स्वसंरक्षणासाठी प्रोसेसरचा वेग उतरवला जातो. महाग प्रोसेसर मग स्वस्त प्रोसेसरसारखा चालतो. द्रवयुक्त धारित्रांचे आयुष्य तर तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. म्हणून घन धारित्रे असलेला मदरबोर्ड पाहावा.

बाकीच्या गोष्टी जुळवाजुळवीच्या आहेत. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तीच खोबणी मदरबोर्डवर हवी. एएमडीच्या २०२२ साली आलेल्या एएम५ खोबणीला डीडीआर५ स्मृतीच लागते. इंटेलच्या एलजीए १७०० खोबणीचे मदरबोर्ड मात्र काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे असतात, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटरचा चौरस. पेटी त्या मापाची घ्यावी. शाळेच्या कामाला मायक्रो-एटीएक्स पुरे. रंगीत दिव्यांसाठी जादा पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

दुकानात गेल्यावर प्रोसेसरच्या खोबणीशेजारची चौकोनी वेटोळी मोजा. सगळीच प्रोसेसरच्या गाभ्यासाठी नसतात, तरी अंदाज येतो. वेष्टनावरच्या ६५ वॅट या आकड्यावर विसंबू नका; भार पडला की प्रोसेसर काही वेळ त्याहून बरीच अधिक शक्ती घेऊ शकतो. तुमचा प्रोसेसर १२० वॅट घेईल असे धरून एका आणि पाच मार्गांचे गणित करून पाहा. उत्तरे १० वॅट आणि २ वॅट यायला हवीत.