स्तनाचा कर्करोग : वेळीच निदान व उपचारांची निवड

स्तनात गाठ हाताला लागली तरी ती कोणाला सांगावी, हा प्रश्न अनेक स्त्रियांना आजही सुटत नाही. गाठ बहुधा दुखत नाही, कामाच्या आड येत नाही, आणि सांगण्याचा संकोच तर मोठाच असतो. असे करता करता महिने निघून जातात. वास्तविक हीच गाठ लवकर दाखविली गेली, तर उपचारांचे एकाहून अधिक मार्ग खुले असतात. भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. तपासणीचा कागद हाती आल्यावर अनेक कुटुंबे सल्ल्यासाठी गावातील शिक्षकाकडे, पंचायत सदस्याकडे किंवा ओळखीच्या अधिकाऱ्याकडे जातात. त्या कागदात काय लिहिलेले असते व त्यावरून कोणते निर्णय घ्यावयाचे असतात, याची माहिती या मंडळींना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

निदान कसे होते ?

स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु कोणती गाठ साधी व कोणती घातक, हे केवळ चाचपून खात्रीने सांगता येत नाही. यासाठी तीन तपासण्या एकत्र विचारात घेतल्या जातात : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी अथवा सोनोग्राफी, आणि सुईने काढलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षा, म्हणजेच बायॉप्सी. सुई टोचल्याने रोग अंगभर पसरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, या तपासणीवाचून घाईने गाठ काढल्यास ती शस्त्रक्रिया पुष्कळदा अपुरी ठरते व दुसऱ्यांदा करावी लागते.

अहवालात चार गोष्टी पाहावयाच्या असतात. पहिली, गाठीचा आकार. दुसरी, काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला आहे किंवा नाही. तिसरी, रोगपेशी स्त्री-संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या आहेत का. अहवालात याची नोंद ‘ईआर’ व ‘पीआर’ अशी असते. चौथी, ‘हर-२’ या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आहे का. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असून काखेतील ग्रंथी मोकळ्या असतील, तर रोग पहिल्या टप्प्यात आहे असे मानतात. गाठ २ ते ५ सेंटिमीटर असेल, किंवा काखेतील ग्रंथींना बाधा झालेली असूनही त्या सुट्या, हलणाऱ्या असतील, तर सामान्यतः दुसरा टप्पा समजतात. या दोहोंना स्थूलमानाने प्राथमिक अवस्था म्हणता येते.

स्तन काढणे की राखणे ?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हाल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. जितके अधिक काढावे तितके रुग्णाचे आयुष्य सुरक्षित, ही धारणा त्यानंतर पाऊणशे वर्षे टिकून राहिली.

या धारणेची कसोटी १९७० नंतरच्या दशकात लागली. इटलीतील मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात, २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटातील स्त्रियांचा संपूर्ण स्तन काढला. दुसऱ्या गटात गाठीसह स्तनाचा तेवढाच भाग काढून किरणोपचार दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील आयुर्मान सारखेच आढळले. स्तन राखलेल्या ३५२ स्त्रियांपैकी ३० जणींना त्याच स्तनात पुन्हा रोग उद्भवला; स्तन काढलेल्या ३४९ पैकी ८ जणींना त्या जागी तो उलटला. हा फरक खरा आहे, परंतु त्यामुळे मृत्यूचे प्रमाण वाढले नाही.

अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ साली सुरू केलेल्या अभ्यासानेही हेच सिद्ध केले. त्यातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. केवळ गाठ काढून किरणोपचार न घेतलेल्या स्त्रियांत वीस वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. किरणोपचार घेतलेल्यांत ते सुमारे १४ टक्के राहिले. तात्पर्य, स्तन राखावयाचा तर त्यानंतरचे किरणोपचार सहसा टाळता येत नाहीत.

यामुळे ग्रामीण स्त्रीच्या निर्णयात अंतराचा प्रश्न येतो. किरणोपचाराचे यंत्र प्रत्येक तालुक्यात नसते. पूर्वी हे उपचार पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागत. घर, शेती व मुले सोडून एवढा काळ शहरात राहणे न जमल्याने अनेकींना स्तन काढून घेणेच सोयीचे वाटे. आता बहुतेक रुग्णांना तीन आठवड्यांत हे उपचार पूर्ण करता येतात, व निवडक रुग्णांना एका आठवड्यातही. ही माहिती वेळेवर मिळाली, तर केवळ गैरसोयीपोटी घेतले जाणारे निर्णय टळतील.

अर्थात प्रत्येकीला स्तन राखता येतोच असे नाही. स्तनाच्या निरनिराळ्या भागांत अनेक गाठी असतील, स्तनाच्या मानाने गाठ मोठी असेल, किंवा छातीवर पूर्वी किरणोपचार झालेले असतील, तर स्तन काढणे इष्ट ठरू शकते. काही स्त्रिया मनःशांतीसाठीही तोच मार्ग पसंत करतात. तोही तितकाच योग्य आहे.

औषधोपचार

स्तन काढला म्हणजे औषधे घ्यावी लागत नाहीत, हा गैरसमज सर्वत्र आढळतो. औषधांचा निर्णय शस्त्रक्रियेच्या प्रकारावर नव्हे, तर रोगाच्या स्वरूपावर व प्रसारावर अवलंबून असतो. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या रोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडणे धोक्याचे आहे. ‘हर-२’ वाढलेले असल्यास ट्रास्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडते. रसायनोपचार प्रत्येकीला लागतात असे नाही. ते लागणार का व कशासाठी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

निर्णय कोणी घ्यावा ?

निदान झाल्यावर कागदपत्रे समजून घेण्यास व गरज वाटल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास एकदोन आठवडे लागले, तर सहसा नुकसान होत नाही. मात्र गंडेदोरे वा अनिश्चित औषधे यांत महिने घालविल्यास प्राथमिक अवस्था हातची जाते. घरातील चर्चेत पती, सासरे, भाऊ यांची मते ऐकली जातात, पण शरीर जिचे आहे तिला विचारण्याचे राहून जाते. सल्ला देणाऱ्याने प्रथम तिच्याशी बोलावे, तिचे प्रश्न कागदावर लिहून द्यावेत आणि डॉक्टरांसमोर ते तिलाच विचारू द्यावेत.

गावाचे कर्तव्य

मुंबईत १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी हाताने केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. लागला तो शिकविलेला हात व बोलण्याचा विश्वास.

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांच्या अशा तपासणीची तरतूद आहे. ग्रामपंचायतीने महिला ग्रामसभेत आरोग्यसेविका व आशा कार्यकर्तीला बोलवावे व तपासणीसाठी आडोशाची खोली उपलब्ध करून द्यावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार यांचा समावेश आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास व सोबत्यास रेल्वे भाड्यात सवलत मिळते. या कागदपत्रांची पूर्तता तलाठी, ग्रामसेवक व शिक्षक यांनी आपुलकीने करून दिली, तर उपचार अर्ध्यावर सुटण्याचे एक मोठे कारण दूर होईल, आणि गाठ हाताला लागलेली स्त्री ती लपविण्याऐवजी वेळेवर दाखविण्यास पुढे येईल.