गर्दी? पण कोणती?

आपल्याकडे लोकल असो, देऊळ असो नाहीतर सेल, शब्द एकच : गर्दी. जपानी शिकायला लागल्यावर मला कळलं, की तिथे आधी ठरवावं लागतं, कसली गर्दी?

सुरुवात क्रियापदाने करू. ‘देन्शा गा कोन्दे इरु’ म्हणजे ट्रेन भरलेली आहे. इथे कर्ता ट्रेन आहे, माणसं नाहीत. ट्रेन रिकामी असेल तर ‘सुइते इरु’. आणि बरं का, भूक लागली तरी हेच क्रियापद : ‘ओनाका गा सुइता’, म्हणजे पोट रिकामं झालं!

आता काही नामं :
हितोगोमी – नुसती माणसांची दाटी. बाजारात, स्टेशनवर.
हितोदाकारी – काहीतरी बघायला भोवती जमलेला घोळका.
ग्योरेत्सु – रांग.
मान्‌इन् देन्शा – ऑफिसच्या वेळची खच्चून भरलेली ट्रेन.

आपल्या मंडळींसाठी खास शब्द म्हणजे ‘कोन्झात्सुरित्सु’, गर्दीची टक्केवारी. प्रवासी भागिले क्षमता, गुणिले १००. १००% ला प्रत्येकाला सीट, कडी किंवा दांडा मिळतो. पुढच्या पायऱ्या सरकारी तक्त्यात बरीच वर्षं वाचनावर मोजल्या जात. १५०% ला पेपर आरामात वाचता येतो. २००% ला अंगाला अंग दाबलं जातं, साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. २५०% ला हातसुद्धा हलत नाही. २०१९ साली टोकियो परिसरात गर्दीच्या वेळची सरासरी १६३% होती.

शेवटचा शब्द मात्र गमतीचा नाही. ‘गुन्शू नादारे’, म्हणजे माणसांचा हिमकडा कोसळणं. २१ जुलै २००१ ला आकाशी शहरात आतषबाजीच्या वेळी पादचारी पुलावर ११ जणांचा जीव गेला. सोंगट्या पडाव्यात तशी माणसं एकामागोमाग एका दिशेला पडली, तर त्याला ‘शोगीदाओशी’ म्हणतात. नादारेत तसं नसतं. दाटी इतकी असते की माणसं एकमेकांच्या दाबावरच उभी असतात. एक जण खाली गेला की त्या पोकळीत चारी बाजूंनी माणसं कोसळतात. म्हणजे कोणी पळालं नाही, ढकललं नाही, तरी हे घडू शकतं.

२९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले. आपण त्याला ‘चेंगराचेंगरी’ म्हणालो. या शब्दात लोकांनी एकमेकांना तुडवलं एवढंच कळतं. पुलाची रुंदी किती, चौरस मीटरमध्ये माणसं किती, हे प्रश्न मागे पडतात. उद्या जिने, फलाट, पूल यांची ड्रॉइंग्ज आपल्यापैकीच कोणीतरी काढणार. तेव्हा हा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.