दिसायला एक, पण घराणे एकच का?

आपल्या बीरगांवहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण सुट्टीत कोकणातल्या आजोळी गेलेल्यांनी बाजारात लेप हा चपटा मासा पाहिला असेल. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. पिल्लाचे डोळे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्याजवळ येतो आणि मासा कुशीवर होऊन तळाशी राहू लागतो.

रत्नागिरीचा लेप आणि मालवणचा लेप एकाच घराण्यातले का? हे नुसते पाहून ठरत नाही. त्यासाठी जनुकीय खुणा लागतात.

त्या अशा शोधतात. माशाच्या पराचा लहानसा तुकडा घेऊन त्यातून डीएनए वेगळा काढतात. डीएनएच्या चार अक्षरी लिपीत काही ठिकाणी ‘सीए, सीए, सीए’ अशी पुनरावृत्ती असते. कुठे 12 वेळा, कुठे 15 वेळा. तिच्या दोन्ही बाजूंचा मजकूर मात्र सर्व माशांत जवळपास सारखा असतो. त्याला चिकटणारे ‘प्रायमर’ बनवून पीसीआर यंत्रात तेवढ्याच भागाच्या असंख्य प्रती काढतात व लांबी मोजतात. सर्व माशांत लांबी एकच आली, तर ती खूण बाद.

आता हिशेब. प्रत्येक माशात एक प्रत आईची, एक बापाची. म्हणून 10 माशांत 20 प्रती. समजा, पहिल्या बंदरात 12 पुनरावृत्तींच्या 14 प्रती निघाल्या, म्हणजे 70 टक्के. दुसऱ्या बंदरात 5, म्हणजे 25 टक्के. पुष्कळ मासे व अनेक खुणा तपासूनही असा फरक टिकला, तर दोन्हीकडचे मासे आपसांत फारसे मिसळत नाहीत, असे अनुमान निघते.

बाल्टिक समुद्रातला फ्लाउंडर हा चपटा मासा एकच जात मानला जाई. काहींची अंडी पाण्यात तरंगत, काहींची तळाला बसत. जनुकीय तपासणीनंतर 2018 मध्ये तळाशी अंडी घालणारा मासा स्वतंत्र जात ठरला. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच!

दोन गटांना एक समजून जाळी टाकली, तर एक गट संपत आला तरी एकूण आकडा ठीकच दिसतो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताचे हजारो वाण जपले आहेत. समुद्रातले वाण मात्र समुद्रातच जपावे लागतात.

स्वाध्याय : तिसऱ्या बंदरातल्या 15 माशांत 12 पुनरावृत्तींच्या 21 प्रती आढळल्या. टक्केवारी काढा. हे मासे कोणत्या बंदरातल्या माशांशी जुळतात? एवढ्यावरच निकाल का देऊ नये?