हातांचे काम आणि दानाचा हिशेब

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ३१:१०-३१, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, २ करिंथ ८:१६-२१

इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या आवारात हस्तकलेचे मेळे भरतात. महेश्वरी साड्या, बागच्या छापील चादरी, मातीची भांडी मांडून कारागीर बसतात. त्या कमाईवर त्यांची घरे चालतात. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ भगिनीही फावल्या वेळात अभ्रे, रुमाल, लोकरीचे कपडे तयार करतात व विक्रीचे पैसे एखाद्या अनाथाश्रमास किंवा दवाखान्यास देतात. काम उत्तमच आहे. परंतु ते कोणत्या रीतीने व्हावे, याचा विचार पवित्र शास्त्राच्या आधारे करू या.

१. कमावणारा हात व देणारा हात एकच

नीतिसूत्रांतील सद्‌गुणी स्त्री वस्त्रे तयार करून विकते (वचन २४). १९ व्या वचनात तिचे हात सूत कातण्यात गुंतलेले आहेत. लगेच २० व्या वचनात ते गरिबांकडे वळतात. मूळ इब्री भाषेत दोन्ही वचनांत हातासाठी तेच दोन शब्द आले आहेत, फक्त त्यांचा क्रम उलटा आहे. विक्री ऐहिक आणि दान तेवढे आत्मिक, असा भेद येथे नाही.

यापोच्या टबीथेने मात्र कपडे शिवून विधवांना दिले. विधवेला अंगरखा हवा असेल तर अंगरखाच द्यावा. दवाखान्याला औषधे हवी असतील तर अंगरखा विकून पैसे द्यावेत. ज्याला देणार त्याची गरज आधी पाहावी.

२. आपल्या जवळची उदाहरणे

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून १८८३ च्या इंग्लंड प्रवासाचा खर्च उभा केला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली त्यांनी आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्नवस्त्राबरोबर विणकाम, शिवणकाम, छपाई अशी कामेही शिकविण्यात आली. महेश्वर येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या रेहवा सोसायटीने स्त्रियांना हातमागावर काम दिले आणि नफा विणकरांच्या शिक्षण, आरोग्य व घरांसाठी वापरला. दोन्ही ठिकाणी मदत घेणाऱ्याच्या हातालाच काम मिळाले.

३. किंमत न्यायाची असावी

दानासाठी शिवणारी भगिनी आपल्या श्रमांचे मोल धरीत नाही, म्हणून वस्तू फार स्वस्त विकते. पण त्याच गल्लीत शिवणावर पोट भरणारी दुसरी बाई असते. आपल्या स्वस्त मालामुळे तिचे गिऱ्हाईक तुटले, तर एका गरिबाला देण्यासाठी आपण दुसऱ्या गरिबाचे काढून घेतले असे होईल. म्हणून बाजारातील योग्य किंमतच लावावी. तसेच दानाच्या नावाखाली कच्ची शिलाई खपवू नये. घेणाऱ्याने दया म्हणून नव्हे, तर वस्तू चांगली आहे म्हणून घ्यावी.

४. हिशेब उघडा असावा

यरुशलेमेतील गरिबांसाठी जमलेला निधी पौलाने एकट्याने नेला नाही. तीताबरोबर इतर विश्वासू बंधू पाठविले, म्हणजे माणसांपुढेही संशयाला जागा राहू नये. समजा, अभ्र्यांचा जोड २०० रुपयांना विकला व कापड-दोऱ्याला ८० रुपये लागले. उरलेले १२० रुपये देणार असू, तर “सर्व रक्कम दानासाठी” अशी पाटी लावणे खरे नव्हे. विक्री, खर्च व दान हे तिन्ही आकडे वहीत लिहावेत आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावेत.

कोणी म्हणेल, प्रभूने तर दान गुप्तपणे करावयास सांगितले (मत्तय ६:३-४). खरे आहे, पण ते आपल्या स्वतःच्या दानाविषयी. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला पैसा ही ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब द्यावाच लागतो.

वर्गात चर्चेसाठी

१) घरातच अडचण असेल, तर विक्रीतील काही भाग घरी ठेवणे योग्य आहे काय? (२ करिंथ ८:१२-१३ पाहा.) तसे केल्यास गिऱ्हाइकास काय सांगावे?

२) आपल्या मंडळीतील कोणत्या गरजू भगिनीला मदतीऐवजी काम देता येईल?

३) मुलांनी नाताळासाठी केलेल्या वस्तूंच्या विक्रीचा हिशेब मुलांनाच ठेवावयास कसा शिकवाल?